दुखण्याची वाट पाहू नका

(दात दुखू लागला, की आपण डॉक्टरांकडे धावतो. दुखण्याआधीच का जावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आपले तुमसर तांदळाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. येथील व्यापारी पोते नुसते वरून पाहून माल घेत नाही. तो आतले मूठभर दाणे काढून तळहातावर पसरतो. पोते वरून कितीही चांगले दिसले, तरी कीड आत असू शकते, हे त्याला ठाऊक असते. आपल्या दातांचेही असेच आहे.

मी नववीत असताना माझ्या दाढेवर एक काळा ठिपका दिसला. अम्मी म्हणाली, "बेटा, एकदा डॉक्टरांना दाखवून ये." मी म्हणालो, "पण अम्मी, दुखत तर नाही!" पुढच्या वर्षी ऐन परीक्षेच्या आदल्या रात्री ती दाढ ठणकू लागली. दादीने लवंग दिली. थोडा आराम पडला. पण सकाळी गाल सुजला होता. पेपर कसाबसा लिहिला. शेवटी दाढ काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, "मागच्या वर्षी आला असतास, तर दाढ भरून वाचवली असती." आजही त्या बाजूने मला फुटाणे चावता येत नाहीत.

वर्षभर दाढ का दुखली नाही? दाताच्या वर एक कठीण आवरण असते. त्याला दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरात त्याच्याइतके कठीण दुसरे काहीच नाही. पण त्यात नसा नसतात. आपण बिस्किटे, चॉकलेट, मिठाई खातो. त्यांचे कण दातांत अडकतात. तोंडातील जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल एनॅमल झिजवते. खड्डा वाढत वाढत आतल्या नसेपर्यंत पोचतो, तेव्हा दात ठणकतो. म्हणजे दुखणे ही रोगाची सुरुवात नव्हे. रोग तर कधीच आत शिरलेला असतो. हाड मोडले तर जुळते, पण किडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही.

म्हणून सहा महिन्यांतून एकदा दात तपासून घ्यावेत. तारीख लक्षात ठेवणे सोपे आहे. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात भारतातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस. एक तपासणी त्या सुमारास करावी आणि दुसरी जूनअखेर, शाळा उघडते तेव्हा.

तपासणीला घाबरू नका. डॉक्टर छोट्या आरशाने दात पाहतात. दातांवर पिवळा, कठीण थर साचला असेल, तर तो काढतात. या थराला किटण म्हणतात. ते ब्रशने निघत नाही. त्यामुळे हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येते. "साफ केल्याने दात हलू लागतात," असे काही लोक म्हणतात. हा गैरसमज आहे. दात हलतात ते किटण साचू दिल्यामुळे.

रोजची काळजी मात्र आपल्याच हाती आहे. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे दात घासा. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रश हळूहळू गोल फिरवा. तीन महिन्यांनी तो बदला. खाल्ल्यावर चूळ भरा. मिसवाक किंवा कडुनिंबाची काडी वापरत असाल, तर ती चावून मऊ करा आणि मागच्या दाढांपर्यंत न्या. गुल, मशेरी किंवा गुडाखू यांनी दात कधीही घासू नका. त्यांत तंबाखू असते.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्या विदर्भात पानठेल्यांवर खर्रा घोटला जातो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. माझा एक जुना विद्यार्थी एका लग्नाच्या दावतीत भेटला. सगळे बिर्याणी खात होते. तो मात्र दहीभाताचे लहान लहान घास घेत होता. त्याला तिखट सोसत नव्हते आणि तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते. "सर, आठवीत गंमत म्हणून सुरू केले होते," तो म्हणाला. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी ताठ होते. पुढे तेथे कर्करोगही होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे हा २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा तुमचा हात धरायला येणार नाही. "नको" हा शब्द तुम्हालाच म्हणावा लागेल.

आरशासमोर उभे राहा. तोंड पूर्ण उघडा. आपली तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये उभी घाला. ती मावत नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा अथवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर घरी लगेच सांगा. लाजू नका. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, तेव्हा तोंड मिटून मागे उभे राहू नका. मोठ्या उपचारांसाठी नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

मित्रांनो, माझी दाढ गेली ती परत येणार नाही. तुमच्या दाढा अजून जागेवर आहेत. त्या सांभाळा.

शब्दार्थ
ठणकणे – जोराने दुखणे, टीस उठना
आम्ल – तेजाब
हिरड्या – मसूढे
गैरसमज – गलतफहमी
चट्टा – डाग, धब्बा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दाताच्या कठीण आवरणाला काय म्हणतात?
(आ) खर्रा कशाकशापासून बनतो?
२. लेखकाची दाढ वर्षभर का दुखली नाही? तीन-चार वाक्यांत लिहा.
३. वाक्यात उपयोग करा : वाट पाहणे, चूळ भरणे.
४. उपक्रम : आपल्या घरातील प्रत्येकाने दात शेवटचे केव्हा तपासले, ते विचारा व वहीत लिहा.