स्प्लेंडरला रंग सगळ्यात शेवटी

जुनी मोटरसायकल दारात आली की हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो. टाकी मॅट काळी, हँडल बुटकं, सीट सपाट. ब्रेक लायनर मात्र आधीच्या मालकाने टाकलेलेच. इथली कृती नेमकी उलटी चालते. आधी गाडी थांबली पाहिजे, मग रात्री रस्ता दिसला पाहिजे, मग बसायला बरी वाटली पाहिजे. नटवणं त्यानंतर. हातात 10,000 रुपये असतील तर निम्म्याहून जास्त पैसे कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या वस्तूंवर जातील, हे आधीच मान्य करून टाकावं.

गाडी धरली आहे हिरो होंडा स्प्लेंडर. ती 1994 साली आली. इंजिन 97.2 सीसीचं, आणि त्याचं 50 बाय 49.5 मिलिमीटरचं माप सीडी 100 पासून चालत आलेलं. त्यामुळे पार्टसाठी वणवण नाही. पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, आणि तालुक्याच्या स्टँडजवळच्या दुकानातही लायनर, केबल, चेनसेट मिळतोच.

पाना हातात घेण्याआधी कागद बघा. आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचून जुळवा. चिखल खरवडावा लागला तरी खरवडा. नोंदणीची 15 वर्षं उलटली असतील तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हा खर्चही बजेटातच धरा. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ घडणीत मनासारखे बदल करता येत नाहीत, आणि कलम 182ए प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून फ्रेम कापणं, दुसरं इंजिन बसवणं, सायलेन्सर बदलणं या कृतीत नाही. फटफट आवाजाच्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. दंड बाजूला ठेवला तरी मोकळ्या सायलेन्सरने कार्ब्युरेटरचं मिश्रण बिघडतं, आणि शंभर सीसीच्या इंजिनात आवाज वाढतो तेवढी ताकद काही वाढत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत: 8, 10, 12, 14, 17 आणि 19 चे फिक्स आणि रिंग पाने, प्लगपाना, स्क्रू ड्रायव्हर, नोज प्लायर, रबरी हातोडा, ग्रीस आणि एक साधा मल्टिमीटर. ॲक्सलच्या नटासाठी लांब दांड्याचा पाना शेजारच्या गॅरेजमधून मागून आणा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट सुटत नाही म्हणून पान्यावर पाय देऊन उभं राहिलं की आटे जातात आणि 10 रुपयांचं काम लेथवाल्याकडे पोहोचतं. खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि त्या त्या भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर नाव लिहून ठेवा.

पहिलं काम ब्रेकचं. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिनाखाली आधार देऊन पुढचं चाक उचला आणि काढा, ब्रेक प्लेट बाहेर ओढा. आत काळी भुकटी असेल. तिला फुंकर मारू नका आणि एअरही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ओल्या फडक्याने टिपून ते फडकं टाकून द्या. ड्रमच्या आत बोट फिरवून बघा. कडेला धार लागत असेल तर ड्रम झिजलाय. तो किती झिजलेला चालतो याचा कमाल व्यासाचा आकडा ड्रमवरच उठवलेला असतो. झीज त्याच्या आत असेल तर खरखरीत पॉलिश पेपरने ड्रमची चकाकी उतरवा. ब्रेकच्या कॅमला आणि पिनला नखभर ग्रीस लावा, त्याहून जास्त नको. ग्रीस लायनरवर गेलं तर ब्रेक असून नसल्यासारखा. नवे लायनर चांगल्या कंपनीचे घ्या. इथे काटकसर करू नका.

चाक परत चढवताना दोन गोष्टी सुटतात. पहिली म्हणजे ब्रेक प्लेटवरची खाच फोर्कच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. ती सुटली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि पुढचं चाक जागीच अडकतं. दुसरी म्हणजे ॲक्सलचा नट आवळताना ब्रेक दाबून धरायचा. त्याने लायनर ड्रमच्या बरोबर मध्यावर बसतात. न दाबता आवळलं की एकच लायनर घासतो आणि चाक फिरताना शूं शूं वाजत राहतं. मागच्या ब्रेक प्लेटची स्टॉपर पट्टी आणि तिची स्प्लिट पिन नवी घाला. मागच्या पायडलला मोकळी चाल दोन-तीन सेंटीमीटर ठेवा. पुढच्या ब्रेकची केबल टांगून वरून तेलाचे थेंब सोडत राहा, खालून तेल बाहेर येईपर्यंत. तार तुटायला आली असेल तर तेल घालत बसू नका, नवी केबल टाका.

पुढचं चाक उचललेलंच आहे तर हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर टक्कन अडकल्यासारखं लागलं तर हँडलच्या बेअरिंगचा कोनसेट गेला. हे काम मेकॅनिककडे द्या. छरे मोजून बसवण्यात आणि कप ठोकण्यात पहिल्याच वेळी हात बसत नाही.

टायर 2.75-18. मागे 3.00-18 चालून जातो, त्याहून रुंद टायर रिमवर नीट बसत नाही आणि चेनकव्हरला घासतो. जाड टायरने गाडी भारदस्त दिसते खरी, पण या इंजिनाला तो ओढायलाही लागतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 3523 म्हणजे 2023 सालचा 35वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी कडेला भेगा असतील तर टायर बदला. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला; नवी चेन जुन्या दात्यांवर लवकर खराब होते. चेनच्या लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागे. चाक फिरवत चेन सगळ्यात ताठ होते ती जागा शोधा आणि तिथे मधोमध दोन ते तीन सेंटीमीटर ढील ठेवा.

आता उजेड. या गाडीवरची निम्मी मॉडिफिकेशन इथेच फसतात. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, तो इंजिन फिरताना कॉइलमध्ये तयार होणाऱ्या एसी विजेवर थेट चालतो. खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून चावी फिरवा. हॉर्न वाजेल, हेडलाइट लागणार नाही. म्हणून रेस कमी झाली की प्रकाश मंदावतो, आणि म्हणूनच बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब लावला की तो आयडलला फडफडतो. उजेड कमी म्हणून जास्त वॉटचा बल्ब लावू नका. होल्डर वितळतो आणि वीज तेवढीच असल्याने उजेड फारसा वाढत नाही. मूळ बल्ब 12 व्होल्ट 35/35 वॉटचा आहे, तोच नवा घ्या आणि जुना दाखवूनच घ्या. अर्थिंगची वायर फ्रेमला जिथे बसते तिथला गंज घासून चकचकीत करा. कपलर उघडून हिरवट पडलेल्या पिना साफ करा. मग मल्टिमीटर एसीवर लावून रेस देत बघा. व्होल्ट रेसबरोबर बेसुमार चढत गेले आणि बल्ब सारखे उडत असतील तर रेग्युलेटर बदला. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर पुसून काही होत नाही, नवाच आणा. इतकं केल्यावरही एलईडी हवाच असेल तर एसीवर चालणारा म्हणूनच मागा. प्रकाशाचा झोत भिंतीवर टाकून तपासताना सीटवर माणूस बसलेला हवा.

मोबाईल चार्जर बॅटरीला थेट जोडू नका. चावीच्या लाइनवर, फ्यूज टाकून जोडा. ही बॅटरी फार लहान असते.

सीटचा फोम बसला असेल तर रेक्झिनवाल्याकडून नवा भरून घ्या. बुटकं हँडल लावायचा मोह झाला तर बसवल्यावर ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, इंजिन चालू ठेवून. वळवताना रेस चढली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय, आणि वळणावर गाडी आपोआप पळेल. साडीगार्ड आणि मागचं धरायचं हँडल काढून गाडी रेसर दिसते म्हणतात. दोन्ही केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 123 ने सक्तीचे आहेत, आणि मागे बसणाऱ्याला त्यांची गरजही आहे.

उरले पैसे तर रंग. रंग आरसीवरचाच, नाहीतर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. साइडपॅनल घरी करा: 220, मग 400, मग 800 नंबरचा वॉटर पेपर, प्रायमर, आणि पातळ हात, प्रत्येक हातानंतर वाळायला वेळ देऊन. टाकी मात्र पेंटरकडे. स्प्रे कॅनच्या साध्या रंगावर पेट्रोल सांडलं की तो सुरकुततो. पेट्रोलला टिकणारा हार्डनरवाला क्लिअरकोट श्वासाला घातक असतो, तो घरच्या गॅलरीत मारू नये. पेंटरकडे नेण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून उघडी ठेवा आणि आसपास विडी-सिगारेट पेटू देऊ नका.

सगळं चढवून झालं की गावाभोवती सावकाश एक फेरी मारा, आधी ब्रेक, मग वेग. पहिल्या 50 किलोमीटरनंतर ॲक्सल, चेन आणि हँडलचे नट पुन्हा आवळून बघा, कारण नवी चेन याच काळात ताणली जाते. दोन्ही ब्रेकची मोकळी चालही परत लावून घ्या. नवे लायनर बसत जातात तशी ती वाढत जाते.