जे थांबत नाही, ते आधी ठरवा

परीक्षा आटोपल्या की नागपुरातल्या घरांमध्ये दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गाडी, मुक्काम, कोणत्या दिवशी काय, सगळे आत्ताच ठरवून टाका. दुसरा म्हणतो, सुट्टी आहे की ऑफिस? जाऊ तेव्हा पाहू. आमच्या नात्यात दोन्ही पक्षांची माणसे आहेत, आणि दोन्ही तऱ्हेच्या सहलींचे काय होते ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून मुलेबाळे आणि म्हातारी माणसे बरोबर घेऊन थीम पार्कला निघणाऱ्यांसाठी हे चार शब्द लिहिते आहे.

आधी आपली, म्हणजे नागपूरकरांची, खरी अडचण समजून घेऊ. पुण्या-मुंबईच्या कुटुंबाला खोपोलीजवळचे इमॅजिका म्हणजे सकाळी निघून रात्री घरी येण्याची गोष्ट. पाऊस लागला, गर्दी निघाली, तर पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येते. आपल्याला तेच ठिकाण साडेसातशे-आठशे किलोमीटर पडते. हैदराबादची रामोजी फिल्म सिटी पाचशेच्या वर. शिर्डीही पाचशेच्या घरात. कुठेही जायचे म्हटले तरी रजा काढा, प्रवासाचे दिवस धरा आणि घरभर माणसांचा खर्च करा. या अंतरापायीच दोन्ही पक्षांचे हाल होतात. न ठरवता गेले आणि फसले, तर दुसरी संधी वर्षभर नाही. आणि ठरवून गेले, तर ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर सगळेच उरकून घेऊ’ हा हट्ट सुटत नाही.

‘जाऊ तेव्हा पाहू’

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि शिर्डी एकदम जवळ वाटू लागली. शिर्डीत दर्शनाखेरीज साईतीर्थ हे भक्तीवर आधारलेले थीम पार्क आहे, वेट अँड जॉय हे पाण्याचे पार्क आहे. माझ्या मावशीकडच्या मंडळींनी नाताळच्या सुट्टीत अचानक ठरवले, चला, गाडी आहे, रस्ता आहे, निघू. निघाले ते नेमके 31 डिसेंबरला.

त्या रात्री साईमंदिर दर्शनासाठी रात्रभर उघडे असते आणि नवे वर्ष बाबांच्या पायाशी सुरू करायला सगळीकडून लोक येतात. मावशीकडच्यांनी ज्या दारात विचारले तिथे खोली नाही. शेवटी गाडी रस्त्याकडेला लावून मावशी पुढच्या सीटवर आणि मुले मागे एकमेकांच्या अंगावर, अशी ती थंडीची रात्र काढली. सकाळी दर्शनाच्या रांगेतच मुले पेंगायला लागली. पार्क अगदी जवळ होते, पण आत जाण्याचे त्राण कोणातही नव्हते. मंडळी तशीच परतली. त्यातला धाकटा नातू अजूनही विचारतो, ‘आपण पार्कमध्ये केव्हा जाणार?’

अचानक निघण्यात गोडी आहे, ती मी नाकारत नाही. पण ती गोडी अंबाझरीला, फुटाळ्याला, फार तर गोरेवाड्याच्या सफारीला जाताना पुरते. माणसांचे डोके टेकण्याची सोय नसेल, तर मौज पहिल्याच रात्री संपते.

तासातासाचा कागद

दुसरा अनुभव आमच्याच घरचा. दादा बँकेत, कामाचा पक्का. हैदराबादच्या सहलीची सगळी आखणी त्याने केली आणि निम्म्याहून अधिक काम उत्तम केले. गाडीची जागा, मुक्काम, तिकिटे, कुठेही खोट नव्हती. पण फिल्म सिटीच्या दिवसाचाही त्याने कागद केला होता. बस, सेट, स्टंट शो, जेवण, पक्षी उद्यान, पुन्हा शो. प्रत्येकासमोर वेळ लिहिलेली.

रामोजी फिल्म सिटी 1996 साली उभी राहिली. जगातले सर्वांत मोठे चित्रपट-संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे, 1666 एकरांची. तिकीट हमरस्त्यावरच्या दारात काढायचे, मग बसने आत जायचे, आत पुन्हा बसने सेट पाहायचे. कार्यक्रमांच्या वेळा ठरलेल्या. अशा ठिकाणी कागद लागतोच, याबद्दल वाद नाही.

आम्ही भागवतमच्या सेटवर उतरलो. पौराणिक चित्रीकरणासाठी उभारलेले महाल, सिंहासने, नक्षीचे खांब. आई एका खांबापाशी थांबली. लांबून तो अस्सल दगडाचा वाटत होता. तिने त्यावर हात फिरवला, मग बोटाने टिचकी मारली. आतून पोकळ आवाज आला. माझा भाचा हे पाहत होता. त्यानेही मारली. मग दोघे आजी-नातू एकेक वस्तू वाजवत निघाले. खांब पोकळ, हत्ती पोकळ, सिंहासनाची पायरी मात्र भरीव. भाचा ओरडला, ‘आजी, हे खरं आहे!’ आईचा चेहरा असा फुललेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. सिनेमा कसा बनतो हे त्या मुलाला त्या टिचकीतून कळले असेल, तेवढे कोणत्याही माहितीफलकातून कळले नसते.

तेवढ्यात दादाची हाक आली, ‘चला, शो चुकेल.’ ऊन डोक्यावर होते. सगळे भराभर निघाले, आईही निघाली. थोडे अंतर गेल्यावर तिला भोवळ आली. सावलीत बसवले, मीठ-साखरेचे पाणी दिले, पाय चेपले. थोड्या वेळाने ती सावरली आणि शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही सारे धावून राहिले रे, पाहून कोणी नाही राहिलं.’

तो शो चुकलाच. त्यानंतरचे पक्षी उद्यानही राहिले. ज्या थोड्या मिनिटांसाठी आजी-नातवाला त्या सेटवरून उठवले, त्याच्या कितीतरी पट वेळ सावलीतल्या बाकावर गेला. दादाने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत आईजवळच बसून राहिला.

मला उमगलेले सूत्र

या दोन्ही अनुभवांवरून माझे एक मत पक्के झाले आहे. आखणी करावी की नाही हा वादच चुकीच्या जागी चालतो. कशाची करावी, हे ठरले की वाद मिटतो. रेल्वेचे आरक्षण, सुट्ट्यांची गर्दी, ऊन-पाऊस, कार्यक्रमाची वेळ, औषधाची वेळ या गोष्टी आपल्यासाठी थांबत नाहीत. त्यांची आखणी काटेकोर हवी. कोणाला काय आवडेल, कुठे किती वेळ रमावेसे वाटेल, हे मात्र आपल्याच माणसांच्या मनावर आहे. त्याची आखणी करू नका. ताडोबाला जाणारा नागपूरकर मंगळवारी जंगल बंद असते हे ध्यानात ठेवून गेटचे बुकिंग करतो, पण वाघ किती वाजता दिसावा हे कागदावर लिहीत नाही. थीम पार्कलाही तेच लावायचे.

आता एकेक गोष्ट पाहू.

दिवस कोणते निवडावेत

विदर्भाला उन्हाने एक सवलत दिली आहे. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्याकडे त्या आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात. तेलंगणातल्या शाळा अलीकडे 12 जूनला सुरू झाल्या आहेत. म्हणजे जूनच्या मध्यानंतरचे काही दिवस असे मिळतात, की आपल्या मुलांना सुट्टी आहे, तिकडच्या मुलांना नाही आणि उन्हाचा कडाका ओसरलेला आहे. हैदराबादला जायचे तर हे दिवस साधा. एखादी सर येईल, छत्री ठेवा. नवतप्यात मात्र म्हाताऱ्या माणसांना घेऊन उघड्यावरच्या पार्कात जाऊ नका.

हाच हिशेब खोपोलीला लावू नका. ते गाव बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. तिथला जूनचा पाऊस म्हणजे सह्याद्रीचा पाऊस, आणि मुसळधार पावसात, विजा कडाडताना उंचावरच्या राइड सुरक्षेसाठी थांबवाव्याच लागतात. तिकडे हिवाळ्यात जावे, तेही शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा सोडून.

गर्दीला कमी लेखू नका. 2006 च्या चिनी नववर्षाच्या सुट्टीत हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये इतके लोक लोटले, की हातात तिकीट असलेल्या कुटुंबांसमोर दारे बंद झाली आणि काही आईबापांनी लेकरांना कुंपणावरून आत सरकवले. उन्हाचेही तसेच. कॅलिफोर्नियातले मूळ डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी सुरू झाले, तेव्हा नव्या डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतल्या आणि पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते. वॉल्ट डिस्नेसारख्या माणसालाही पहिल्या दिवशी ऊन आणि तहान आवरता आली नाही. आपण तर पाण्याच्या बाटल्या मोजूनच निघावे.

गाडी आणि मुक्काम

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडते. जूनच्या मध्याला जायचे तर एप्रिलच्या मध्याला घरातल्या कोणीतरी सकाळी मोबाइल हातात घेऊन बसलेच पाहिजे. तत्काळच्या भरवशावर एकटा माणूस जाऊ शकतो, आजी-आजोबांसह कुटुंब नाही. सप्टेंबर 2024 पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आहे. पहाटे निघून दुपारी पोहोचवते, पण बसून जावे लागते. पाठीचा, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना रात्रीच्या गाडीतला खालचा बर्थ बरा.

पोहोचल्या दिवशी पार्क ठेवू नका. आणि मुक्काम स्टेशनजवळ किंवा चारमिनारजवळ घेण्याआधी नकाशा पाहा. फिल्म सिटी शहराच्या दुसऱ्या टोकाला, विजयवाड्याच्या रस्त्यावर आहे. एल. बी. नगर, हयातनगर या बाजूला उतरलात तर सकाळचा मोठा वेळ वाचतो. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी शहरात न शिरता मेडचलकडून बाहेरचा रिंग रोड धरावा आणि पेद्दा अंबरपेटला उतरावे.

घरीच करायची तयारी

मुलांची उंची निघण्याआधी भिंतीला टेकवून मोजा. मोठ्या राइडना उंचीची अट असते आणि दारातला माणूस ती बोटभरही सोडत नाही, सोडूही नये. लांब रांगेनंतर मुलाला परत फिरवण्यापेक्षा, ‘ही राइड दोन वर्षांनी’ असे घरीच समजावलेले बरे. हृदयाचा किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी सूचनाफलकाची वाट न पाहता डॉक्टरांना विचारून घ्यावे. पाण्याच्या पार्कात सुती कपडे, साडी चालत नाही, नायलॉनचे कपडे लागतात. ते सीताबर्डीतून आधीच घ्या. बहुतेक पार्कात बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत, म्हणून औषधे, बाळाचे खाणे आणि मधुमेह्यांसाठीची साखर यांची आधी चौकशी करा. लहानांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ते आत शिरताच सर्वांना दाखवा.

दिवस मोकळा कसा ठेवावा

मोकळीक आपोआप मिळत नाही, तिला जागा ठेवावी लागते. ठरलेल्या वेळेचे दोनच कार्यक्रम निवडा, तिसरा जमला तर जमला. दुपारचे बारा ते तीन सावलीत, जेवणात आणि बसण्यात घालवायचे हे आधीच ठरवा. चालण्याचा वेग घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाचा असावा. तरुणांना तो सोसत नसेल तर त्यांनी वेगळे फिरावे, ठरल्या वेळी भेटावे. सगळ्यांनी सगळे एकत्रच पाहिले पाहिजे असा नियम नाही. मुलांच्या हातात थोडे पैसे द्या आणि ते कशावर खर्च करायचे हे त्यांना ठरवू द्या.

कोणी कुठे रमले असेल, तर त्याला हलवण्याआधी स्वतःला विचारा, पुढे जे आहे ते याच्यापेक्षा मोलाचे आहे का? बहुतेक वेळा उत्तर नाही असेच येते. आणि काय काय सोडून द्यायचे, याचीही यादी घरूनच करून न्या. ते आधी मान्य केले असले म्हणजे राहून गेल्याची हळहळ वाटत नाही, धाप लागत नाही.

तेव्हा यंदा आरक्षण उघडण्याआधी एका रात्री जेवणानंतर सगळ्यांना एकत्र बसवा. प्रत्येकाला, अगदी आजीला आणि सर्वांत धाकट्यालाही, एकच प्रश्न विचारा: तुला तिथे काय पाहायचे आहे? प्रत्येकाची एकेक गोष्ट कागदावर घ्या. तेवढ्या गोष्टी होतील याची जबाबदारी मोठ्यांनी उचलावी, आणि उरलेला वेळ ज्याचा त्याला द्यावा.