उष्णतेचा उतार

गुऱ्हाळात काहिलीतील रस आटतो, तेव्हा वाफेसवे चुलाणाची उष्णताही आकाशात विरते. आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरच्या साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. साखर कारखान्यांत एका भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्यातील रस उकळविते, दुसऱ्याची तिसऱ्यातील. पुढील भांड्यात दाब कमी ठेवल्याने तेथील रस कमी उष्णतामानावर उकळतो. शेवटची वाफ थंड पाण्यात मिसळून कोमट पाणी उरते. त्याने रस उकळत नाही. उष्णता नष्ट झाली नाही, तिचे सामर्थ्य मात्र सरले. उष्णतेकडून काम घेण्यास ती उष्ण स्थळाकडून शीत स्थळाकडे जावी लागते, हे फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ साली दाखविले. तेव्हा उताराच्या प्रत्येक पायरीवर तिच्याकडून काम घ्यावे, हीच खरी काटकसर होय.