शंभर युनिटांच्या आत

आमचं घर भिलाईच्या मरोद्यात. पोलाद कारखान्याच्या टाऊनशिपमधलं क्वार्टर नव्हे. वस्तीतलं, भाड्याचं, वर पत्रा. सासरे भंडाऱ्याहून भिलाईच्या बांधकामावर आले आणि इथलेच झाले. १९५५ साली रशियाबरोबर कारखान्याचा करार झाला तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा आणि भंडारा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. त्यामुळे आमच्याकडच्या माणसांना भिलाई परमुलूख वाटलीच नाही. हे ठेकेदाराकडे कारखान्यात कामाला आहेत, मी ब्लाउज शिवते. घरात सासूबाई, दोन मुलं, दीर-जाऊ. आणि एक वही. त्या वहीत गेल्या दोन वर्षांत जे शिकले ते लिहिते आहे.

१. कपात कधी ‘कपात’ हे नाव सांगून येत नाही.

मीटर वाचणारा मुलगा येतो, हातातल्या यंत्रातून चिठ्ठी काढतो आणि दाराच्या जाळीत खोचून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये अशीच चिठ्ठी आली. युनिटं २१२, रक्कम अकराशे नव्वद. एवढ्याच वापराला आधी सहाशेच्या आसपास बिल यायचं. ह्यांनी ती बल्बखाली धरून दोनदा वाचली आणि विचारलं, “मीटर फिरलाय का गं?” गल्लीत तर सगळ्यांनी स्मार्ट मीटरवरच खापर फोडलं. चार दिवस हीच चर्चा.

मीटर बिचारा बरोबर होता. छत्तीसगडमध्ये १ मार्च २०१९ पासून घरगुती विजेच्या पहिल्या ४०० युनिटांचं बिल निम्मं यायचं. १ ऑगस्ट २०२५ पासून ती मर्यादा १०० वर आली. योजनेचं नाव तेच राहिलं, ‘हाफ बिजली बिल’. निम्म्याचं काय झालं ते बिल हातात पडल्यावर कळलं. तेव्हापासून माझा नियम असा की पाटी वाचायची नाही, आकडा वाचायचा. ‘पडताळणी’, ‘सुधारणा’, ‘केवायसी’ असा शब्द कानावर आला की मी वही काढते.

२. खरी गंमत काठावरच्यांची होते.

सरकारचं म्हणणं होतं की ४५ लाख घरगुती ग्राहकांपैकी ३१ लाखांचा वापर १०० च्या आतच आहे, त्यांचं काही बिघडत नाही. खरंही असेल. पण नव्या नियमात १०० च्या आत वापर असेल त्यालाच सवलत होती, वर गेला त्याला पहिल्या शंभराचीसुद्धा नाही. म्हणजे ९९ ला निम्मं आणि १०१ ला पूर्ण.

आता आमचा वापर बघा. ह्यांची महिन्यातून दहा-बारा दिवस नाइट असते. सकाळी येऊन झोपतात ते दिवसा, पत्र्याखाली. भिलाईचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको, पारा ४४ च्या पुढे असतो. कूलर लावला नाही तर माणूस झोपत नाही, आणि न झोपलेला माणूस रात्री भट्टीजवळ उभा करायचा मला धीर होत नाही. मग कूलर ही चैन म्हणायची की कामाचं हत्यार? मला वाटतं, हत्यार. बिलात तसा रकाना नाही.

ऑगस्टचं बिल बघून आम्ही कंबर कसली. दोन्ही जुने पंखे भिशीच्या पैशातून बदलले. जुना पंखा ७५ वॅट खायचा, नवा तिशीच्या आत खातो. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. शिलाई मशीनची मोटर काढून पुन्हा पायाने चालवायला लागले. दहा वर्षांनी पोटऱ्या भरून आल्या. ऑक्टोबरला रीडिंग आलं ११८. अठरा युनिटांनी हुकलं आणि पूर्ण बिल भरलं. नोव्हेंबरात ९७! मी मीटरचा फोटो काढून गोंदियाच्या बहिणीला पाठवला, लेकीचा निकाल पाठवावा तसा.

त्याच नोव्हेंबरात घोषणा झाली की १ डिसेंबरपासून मर्यादा १०० ऐवजी २००.

हसावं की रडावं ते कळेना. पंखे मात्र बदलले ते बरंच झालं. मधल्या काळात “छतावर सोलर लावा ना” असा सल्ला देणारेही भेटले. तीन किलोवॅटला केंद्राचे ७८,००० आणि राज्याचे ३०,००० मिळतात, हे खरं आहे. छत स्वतःचं असेल त्याने जरूर लावावं. आमचं छत घरमालकाचं, आणि पत्र्याचं.

३. सरकारच्या पैशावर हप्ता बांधू नका.

ही चूक मी स्वतः केली. छत्तीसगड सरकारच्या, विवाहित बायकांसाठीच्या महतारी वंदन योजनेचे महिन्याचे हजार रुपये १० मार्च २०२४ ला पहिल्यांदा खात्यात आले. सलग सात-आठ महिने आल्यावर मला ते पगारासारखे वाटायला लागले. महतारी म्हणजे छत्तीसगडीत आई. आईच्या नावाचा पैसा चुकायचा नाही, असं काहीतरी मनाने धरलं असावं. त्या भरवशावर मी बायकांच्या गटातून चाळीस हजारांचं लोन उचललं. दर पंधरा दिवसांनी अकराशे. एक हप्ता महतारीत थोडी भर घालून, दुसरा ह्यांच्या ओव्हरटाइममधून, असा हिशेब वहीत नीट मांडलेला होता.

एका महिन्यात दोन्ही गेले. ठेक्यात काम कमी झालं म्हणून ओव्हरटाइम बंद झाला, आणि हजार रुपये आलेच नाहीत. गटाची वसुली आमच्याच ओट्यावर होते. सगळ्या बायका चटईवर बसलेल्या, आणि एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्यांनी तो भरायचा, असा करार. त्या दिवशी शेजारणीने पदराची गाठ सोडून माझे पाचशे भरले. काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

आता तो हजार वहीत वेगळ्या पानावर आहे. आला तर त्यातून लेकीची क्लासची फी आणि एक शिलाईचा कपडा. नाही आला तर दोन्ही पुढे ढकलता येतात. पुढे ढकलता येईल अशाच खर्चाला तो पैसा लावायचा. भाडं, किराणा, हप्ता यांना नाही.

४. पैसे आले नाहीत म्हणजे बंद झालेच असं नाही.

वर जो महिना सांगितला, त्याचा उलगडा तीन आठवड्यांनी झाला. लेकीच्या शिष्यवृत्तीसाठी मी दुसऱ्या एका बँकेत खातं उघडलं होतं. तिथल्या माणसाने आधार मागितलं, मी दिलं, अंगठा लावला. सरकारी पैसा खाते नंबरावर येत नाही, आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं असेल तिथे जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. हजार रुपये त्या नव्या खात्यात गुपचूप बसले होते. मी मात्र अंगणवाडीत, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या चॉइस सेंटरवर, आणखी दोन ठिकाणी खेटे घालत होते. प्रत्येक खेट्याला अर्ध्या दिवसाचं शिवणकाम बुडालं.

म्हणून सांगते, फोनवर *९९*९९*१# लावा आणि आधार नंबर टाका. आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते दोन मिनिटांत कळतं. रांगेत उभं राहण्याआधी एवढं करा.

५. बहिणीशी तुलना करा, पण भांडू नका.

माझी धाकटी गोंदियाला. दुर्गहून गाडीत बसलं की दोन-अडीच तासांत तिच्या दारात. पण मध्ये राज्याची सीमा आहे, म्हणून मला हजार आणि तिला महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेचे दीड हजार. जुलै २०२४ पासूनचे. तिने मला त्यावरून बरंच चिडवलं. “ताई, तू उगाच तिकडे दिली गेलीस वो.”

पुढच्या वर्षी तिचा फोन आला, आवाज उतरलेला. खात्यात पाचशेच आले होते. तिच्या नावावर दीड एकर धान आहे. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार, म्हणजे महिन्याला हजार तिला आधीच मिळतात, तेव्हा लाडकी बहीणमधून फक्त फरकाचे पाचशे. नियम कागदावर पहिल्यापासून होता, लागू नंतर झाला. जून २०२५ पासून तर महाराष्ट्रात २६ लाखांहून जास्त खात्यांचे पैसे थांबवले गेले. त्यात लाभ घेणारे चौदा हजारांवर पुरुषही निघाले. त्यांचे थांबले ते योग्यच. पण चाळणी लावली की खड्यांबरोबर दाणेही जातात, आणि गेलेला दाणा परत आणायला बाईलाच तहसीलपर्यंत जावं लागतं.

तोच फरकाचा हिशेब माझ्या घरातही आहे. सासूबाईंना विधवा पेन्शनचे पाचशे मिळतात, म्हणून महतारीतून उरलेले पाचशेच. आणि जावेला काहीच नाही. तिचं लग्न मे २०२४ मधलं, अर्ज घेतले २० फेब्रुवारीपर्यंत. एका चुलीवर तीन बायका आणि तीन हिशेब. जाऊ कधी बोलत नाही, पण मी हजारातून तिला साडीचोळी करते. ते वहीत लिहीत नाही.

६. म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्याची आधीच सोय बघा.

सासूबाईंनी पंचवीस वर्षं विटा-रेती वाहिली. बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात. राशनकार्डाच्या केवायसीला दहाही बोटं लावून झाली, यंत्र ‘नाही’ म्हणालं. डोळ्याच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने करता येतं, हे आम्हाला तिसऱ्या फेरीत कळलं. पहिल्याच फेरीत विचारा. आणि शेवटच्या तारखेची वाट पाहू नका; त्या दिवशी सर्व्हरही म्हातारा होतो.

७. ‘फुकट’ हा शब्द ऐकून मान खाली घालू नका.

टाऊनशिपमधल्या एका काकूंकडे मी फॉल-पिकोचं काम नेते. त्या एकदा म्हणाल्या, “तुम्हा लोकांना सरकारने फुकटाची सवय लावली.” वाईट बाई नाहीत, चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. मी तेव्हा गप्प बसले. उत्तर रात्री सुचलं, नेहमीप्रमाणे.

याच भिलाईत शंकर गुहा नियोगींनी ठेका मजुरांना एकत्र केलं. मागणी साधी होती, पोट भरेल एवढा पगार आणि कायम काम. २८ सप्टेंबर १९९१ ला त्यांना झोपेत गोळी घातली. पुढच्या वर्षी १ जुलैला पॉवरहाऊस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या मजुरांवर गोळीबार झाला, माणसं मेली. आमच्या वस्तीत ते आठवणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्या मजुरांनी अनुदान मागितलं नव्हतं. त्यांना पगार हवा होता. तो मिळाला असता तर काकूंना बोलायला आणि मला रांगेत उभं राहायला कारण उरलं नसतं. महिन्याचे हजार रुपये हे कमी पगारावर लावलेलं ठिगळ आहे, असं माझं मत आहे. आणि ठिगळ उसवलं की आतलं दिसतं.

तरी ठिगळ तर ठिगळ. फाटक्यापेक्षा बरं, म्हणून मी ते सोडत नाही.

८. तारीख लिहून ठेवा.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर पैसे नाहीत, तारखा आहेत. कोणती सवलत कधी सुरू झाली, कशावर, कधीपर्यंत. घोषणा मोठ्या आवाजात होते, मुदत बारीक अक्षरात असते. डिसेंबर २०२५ च्या नव्या नियमात २०० युनिटांपर्यंतच्यांना निम्मं बिल आहेच. २०० ते ४०० वापरणाऱ्यांनाही पहिल्या २०० युनिटांवर सवलत आहे, पण ती एका वर्षापुरतीच. कूलरच्या दिवसांत आम्ही त्या दुसऱ्या ओळीत येतो. तुम्हीही येत असाल तर कॅलेंडरवर खूण करा, ३० नोव्हेंबर २०२६.