इसब, कोरडी त्वचा आणि रोजचे स्नान

बंगळुरात १८९८ साली प्लेगची साथ आली, तेव्हा दाटीच्या पेठा सोडून अनेक कुटुंबे मल्लेश्वरमच्या मोकळ्या वसाहतीत राहावयास गेली. पुढे पहिल्या महायुद्धात परदेशी जाणारे चंदन अडून पडले आणि म्हैसूर संस्थानाने चंदनतेलाचा व त्यापाठोपाठ साबणाचा उद्योग काढला. तो कारखाना आज मल्लेश्वरमपासून जवळच, पुण्याकडे येणाऱ्या रस्त्यावर आहे. स्वच्छता आणि साबण यांचे नाते तेथील घरोघरी असे जुने आहे. मात्र इसब झालेल्या मुलाच्या अंगावर हाच साबण वेगळा परिणाम करतो.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या त्याच्या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. इसबात हा चुना अपुरा पडतो. आतील पाणी उडून जाते आणि बाहेरील धूळ, जंतू आत शिरतात. मग खाज सुटते, खाजविल्याने भिंत आणखी ढासळते. काहींमध्ये हा दोष आनुवंशिक असतो, हे २००६ साली सिद्ध झाले. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, तर साबण अल्कधर्मी. त्यामुळे चुना अधिकच धुपतो. हा दोष कोणा एका कारखान्याचा नव्हे. साबणाचा तो स्वभावच आहे.

त्यात बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच. फेब्रुवारी-मार्चमधील दुपारची हवा फार कोरडी असते. कोकणाच्या दमट हवेतून तेथे गेलेल्या कुटुंबांना हा फरक मुलाच्या कोपराच्या व गुडघ्याच्या घडीत प्रथम दिसतो.

म्हणून स्नान रोज करावे, पण कोमट पाण्याने आणि पाच-दहा मिनिटांत आटोपावे. बंबातील कढत पाणी सुखद वाटते खरे, परंतु खाज वाढविते. साबण काखा, जांघा व पावले एवढ्यापुरताच, तोही सौम्य व निर्गंध. उटण्याने घासणे वर्ज्य. अंग पंचाने टिपावे, रगडू नये. आणि ओल पुरती सुकण्यापूर्वी, दोन-तीन मिनिटांतच, व्हॅसलिन अथवा तत्सम निर्गंध मलम सर्वांगास लावावे. खोबरेल पुष्कळांना मानवते. मोहरीचे तेल मात्र टाळावे. खाज नसेल त्या दिवशीही हा क्रम चुकवू नये. भिंत ढासळल्यावर लिंपणे अधिक कष्टाचे असते, आणि बहुतेक घरांत चूक होते ती येथेच.

लाल, चिघळलेल्या भागास कॉर्टिसोनजातीचे मलम लागते. १९५२ पासून ही मलमे उपयोगात आहेत, व डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत त्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. भय आहे ते शेजाऱ्याने सुचविलेल्या नळीचे. इसब समजून ती गजकर्णावर चोळली, तर बुरशी छुपेपणे पसरते. अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास २०१८ साली केंद्र सरकारने मनाई केली.

इसब स्पर्शाने पसरत नाही. वर्गात अशा मुलास निराळ्या बाकावर बसविणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. मुलास खाजेपेक्षा ते अधिक झोंबते. त्याची नखे मात्र घरी वेळोवेळी कापावीत, अंगात सुती कपडे घालावेत. आणि व्रणांवर पिवळट खपल्या धरल्या, पू झाला वा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.