शौचावरचा ताबा: लाजू नका, तपासून घ्या

वाचकहो, विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, म्हणूनच लिहिते आहे.

माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी मेलबर्नला आल्या होत्या. हळूहळू त्या मंडळाच्या कार्यक्रमांना येईनाशा झाल्या. कारण विचारले की "गुडघे दुखतात." खरे कारण मला धुण्याच्या बादलीत सापडले. नकळत पातळ शौच होई आणि त्या रात्री उठून कपडे धूत.

आम्हाला वाटले, जुलाब. ताकभात सुरू केला, तिकडून आणलेल्या जुलाब थांबवण्याच्या गोळ्या दिल्या. त्रास वाढलाच. जी.पी.ने पोट चाचपले, बोटाने गुदद्वार तपासले आणि सांगितले: हे बद्धकोष्ठ आहे! आत कठीण मळ अडकला होता, त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत होता. आमच्या गोळ्यांनी आगीत तेलच ओतले होते. पोट साफ करण्याचे औषध, रोज न्याहारीनंतर ठरावीक वेळी बसणे, पायाखाली छोटे स्टूल, एवढ्यावर पुष्कळ फरक पडला.

प्रत्येकाचे कारण हेच नसते. अवघड बाळंतपणात फाटलेला स्नायू कित्येक वर्षांनी त्रास देतो. मधुमेहाने नसा अधू होतात. मेटफॉर्मिननेही शौच पातळ होऊ शकते (गोळी परस्पर बंद करू नये). म्हणून आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता, घट्ट की पातळ, काय खाल्ले. गरज पडल्यास तज्ज्ञ स्नायूचा दाब मोजतात, अल्ट्रासाउंड करतात. शौचातून रक्त किंवा वजनात घट असेल तर मुळीच थांबू नका.

उपाय कारणाप्रमाणे. शौच पातळ असेल तर इसबगोल (इथले मेटाम्युसिल तेच), डॉक्टरांनी सांगितल्यास लोपरामाइड, आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकून स्नायू आवळण्याचे व्यायाम. शस्त्रक्रिया शेवटी, तीही थोड्यांनाच.

आता खर्च. पाहुण्या आईवडिलांना मेडिकेअर नाही, भारताशी तसा करारच नाही. विम्यात जुन्या दुखण्यांचे काय, हे विमान पकडण्याआधी वाचा. मात्र नॅशनल कंटिनन्स हेल्पलाइनवर (1800 33 00 66) जाणकार नर्स फुकट सल्ला देतात. इंग्रजीची अडचण असेल तर आधी 131 450 वर दुभाषा मागावा. इथे कायम राहणाऱ्यांना, अटींत बसल्यास, पॅड वगैरेंसाठी केंद्र सरकारकडून पैसे मिळतात. ही योजना 2010 पासून आहे.

आमच्याकडे तो फोन सासूबाईंनीच केला, खोलीचे दार लावून. काय बोलल्या ते मी विचारले नाही.