अंगातली ऊब

पौष महिना होता. साखरखेर्ड्यात कडाक्याची थंडी पडली होती. एका माळकरी घरापुढे शेकोटी पेटली होती. घरची सून शेकोटीला खेटून बसली होती. तिला पाचवा महिना होता. घोंगडी पांघरूनही तिचे हात गार होते. घागर उचलली की तिला दम लागे.

शेजारची काकू म्हणाली, "तुमच्या घरात मटण नाही, अंडं नाही. भाजीपाल्यानं अंगात ऊब येईल कुठून?"

सासूने गळ्यातली माळ चाचपली. ती म्हणाली, "आमच्या माळेपायी पोरीले त्रास होऊन राहिला काय?"

तेवढ्यात नर्सबाई आल्या. त्यांनी थर्मामीटर काढला. आधी सुनेला लावला, मग काकूला. दोघींचे आकडे जवळजवळ सारखेच आले!

काकू म्हणाली, "अवं बाई, मी तर काल रातीच रस्सा खाल्ला!"

नर्सबाई म्हणाल्या, "निरोगी माणसाचं अंग सुमारे ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट असतं. पहाटे थोडं कमी, सांजेला थोडं जास्त. मटण खा की डाळ खा, त्यात मोठा फरक पडत नाही. मेंदू त्यावर राखण करतो. ऊब जास्त झाली की घाम येतो. कमी झाली की अंग कापतं."

"मग रस्सा खाल्ल्यावर गरम काहून वाटतं?" काकूने विचारले.

"अन्न पचवायलाही शरीराला काम करावं लागतं. त्या कामातून ऊब निघते. मटण, अंडी, डाळ यांत प्रथिनं असतात. प्रथिनांपासून मिळणाऱ्या शंभर भाग शक्तीपैकी वीस ते तीस भाग त्यांच्या पचनातच जातात. भाकरीतल्या पिठूळ भागाचे पाच ते दहाच जातात. म्हणून काही वेळ ऊब वाटते. पण ती डाळीनंही मिळते. आणि तिखटानं नुसती आग वाटते, घाम येतो."

"मग हिलेच थंडी काहून वाजते?" सासूने विचारले.

नर्सबाईंनी सुनेचे बोट टोचून रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९ भरले. गरोदर बाईचे ते निदान ११ हवे.

"चुलीत लाकूड आहे, पण वारा नाही, तर जाळ होईल का? अन्न हे लाकूड. रक्त प्राणवायू वाहून नेतं, तो वारा. रक्ताला लोह लागतं. बाळही आईकडूनच लोह घेतं. दिलेल्या लाल गोळ्या कुठं आहेत?"

सासूने मान खाली घातली. "गोळी गरम पडते म्हणे. म्हणून मीच फळीवर ठेवल्या."

"गोळी गरम पडत नाही, आई. शौचाला काळं होतं, कधी मळमळतं. त्याला भिऊ नका. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० दिवस घ्यायच्या; रक्त कमी असेल तर रोज दोन. चहा-दुधासोबत मात्र नको."

मग त्यांनी जेवणाचे सांगितले. मटणातले लोह अंगाला लवकर लागते. डाळी-भाजीतले कमी लागते. पण सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असला की जास्त लागते. जेवणाला लागून चहा घेतला तर कमी लागते. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व भाजी-धान्यात नसते. ते दूध, दही, अंडी, मटण यांत असते. म्हणून माळकरी घरात दूध-दही हवेच. आठवड्यातून एकदा रस्सा खाणाऱ्यानेही रोज डाळ-भाजी खावी.

त्या दिवसापासून सून रोज गोळ्या घेऊ लागली. ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हरभऱ्याची भाजी आणि लिंबाची फोड आली. दीड महिन्याने रक्त पुन्हा तपासले. आकडा दहाच्या वर गेला होता. दम कमी झाला होता. सासूची माळ गळ्यात तशीच होती. फळी मात्र रिकामी होती.

लक्षात ठेवा : ताप आला तर "उष्ण पडलं" म्हणून घरी बसू नका. सारखी थंडी वाजते, दम लागतो, तर रक्त तपासून घ्या.

प्रश्न
१. दोघींचे थर्मामीटरचे आकडे सारखे का आले?
२. भाजीसोबत लिंबू का खावे?
३. तुमच्या घरात गोळ्या फळीवर पडून आहेत का?